दोघी बहिणी आणि त्यांचे वाचक

पुस्तक वाचून हातावेगळे केल्यावर वाचक जे बोलतो ते त्या पुस्तकाविषयीच असते, असे आपण गृहीत धरून चालतो. पुष्कळ पुस्तकांच्या बाबतीत ते खरेही असते. कथानक जमले आहे, भाषा गोड आहे, शेवट ओढूनताणून आणला आहे, असा अभिप्राय देऊन वाचक मोकळा होतो आणि स्वतः त्यात कोठेच सापडत नाही. परंतु क्वचित एखादे पुस्तक असे निघते की, त्याच्यावर मत देता देता वाचक आपल्याच घराचा दरवाजा सताड उघडून बसतो; आत काय काय मांडून ठेवले आहे ते ऐकणाऱ्यास दिसते, बोलणाऱ्यास मात्र त्याचा पत्ता नसतो. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आमची जवळजवळ तीस वर्षे गेली. त्या काळात असा उघडा दरवाजा आम्हांस वारंवार दाखविला तो शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेच्या एका लहानशा कादंबरीने. तिचे नाव 'वुई हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल'. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, 'आम्ही पहिल्यापासून या गढीतच राहतो'.

ही कादंबरी 1962 साली न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसने प्रसिद्ध केली. ती प्रौढ वाचकांसाठी म्हणूनच निघाली होती, आणि 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम दहा कादंबऱ्यांत तिची गणना केली. पुढे 1966 साली तिचे नाटक झाले, तिच्यावर चित्रपटही निघाला. परंतु पुस्तकाचे खरे आयुष्य प्रकाशक ठरवीत नाही. गेल्या कित्येक वर्षांत हे पुस्तक सोळा ते बावीस या वयाच्या वाचकांनी, त्यांतही मुलींनी, जणू आपल्या नावावर करून घेतले आहे. कथा सांगणारी मेरी कॅथरिन, जिला घरी मेरिकॅट म्हणतात, ती स्वतः अठरा वर्षांची आहे, हे त्याचे एक कारण असेल. दुसरे कारण मात्र इतके सरळ नाही, आणि त्याचाच शोध घेण्यासाठी आम्ही ही लेखणी हाती घेतली आहे.

कथा थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. गावाबाहेरच्या मोठ्या वाड्यात ब्लॅकवुड घराण्यातील तीनच माणसे उरली आहेत: मेरिकॅट, तिची अठ्ठावीस वर्षांची बहीण कॉन्स्टन्स आणि चाकांच्या खुर्चीला खिळलेले ज्युलियनकाका. सहा वर्षांपूर्वी एका रात्री जेवणाच्या मेजावर साखरेच्या भांड्यात सोमल निघाला, आणि आई, बाप, धाकटा भाऊ व काकू अशी चार माणसे मेली. काका कसेबसे वाचले. कॉन्स्टन्स साखर खात नसे आणि स्वयंपाकही तिच्याच हातचा, म्हणून खटला तिच्यावर झाला. ती निर्दोष सुटली. बारा वर्षांच्या मेरिकॅटला त्या रात्री शिक्षा म्हणून जेवण न देता झोपावयास पाठविले होते, त्यामुळे ती वाचली. तेव्हापासून कॉन्स्टन्स आपल्या बागेच्या पलीकडे गेलेली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मेरिकॅट गावात जाऊन सामान आणते, आणि गावातील पोरे तिच्यामागे चिडवण्याचे गाणे म्हणत फिरतात. घराला दृष्ट लागू नये म्हणून ती जमिनीत चांदीची नाणी पुरते आणि झाडाला वही ठोकून ठेवते. मग एके दिवशी चार्ल्स नावाचा चुलतभाऊ दारात उभा राहतो. त्याचे लक्ष तिजोरीवर आहे. पुढे घराला आग लागते, गाव धावून येतो, आणि कथा शेवटाकडे वळते.

खून कोणी केला, हे येथे सांगितल्याने आमच्याकडून फारसा रसभंग होईल असे वाटत नाही. तो मेरिकॅटने केला. लक्ष देऊन वाचणाऱ्यास ते पहिल्या काही पानांतच समजू लागते. लेखिकेने ते लपविण्याचा आटापिटाही केलेला नाही. या पुस्तकातील भय 'कोण' या प्रश्नात नाहीच. उत्तर कळल्यानंतरही आपल्याला ही मुलगी आवडतच राहते, येथे ते भय सुरू होते.

आमच्या वर्गात या कादंबरीवर जी बोलणी झाली त्यांत वाचकांचे काही ठळक वर्ग पडलेले आम्ही पाहिले. पहिला वर्ग कारण मागणाऱ्यांचा. हे वाचक म्हणतात, बारा वर्षांची मुलगी चार माणसांना उगाच विष घालणार नाही. त्या घरात तिचा छळ झाला असलाच पाहिजे. मग ते पुराव्यासाठी पाने चाळू लागतात. बापाची एक वही होती, तीत आपले पैसे कोणाकडे येणे आहेत आणि कोणी आपली कामे केली पाहिजेत यांची नावे तो लिहून ठेवी. म्हणजे तो कोत्या मनाचा होता. मुलीला उपाशी झोपविले. म्हणजे घर कठोर होते. येथवर पुस्तकाचा आधार आहे. यापुढे मात्र वाचक स्वतःच्या पदरचे घालू लागतो, आणि पाहता पाहता बापाचा राक्षस होतो. काहींची मजल तर याहून पुढे जाते. ज्युलियनकाका एके ठिकाणी सांगतात की, आपली पुतणी मेरी कॅथरिन खटल्याच्या दिवसांत अनाथाश्रमातच वारली. तेवढ्या वाक्याचा धागा धरून मेरिकॅट हे भूतच आहे, असा सिद्धांत मांडणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत एखादा तरी निघतोच.

या मंडळींची बुद्धी आम्हांस कौतुकास्पद वाटते, परंतु त्यांची गरज अधिक बोलकी वाटते. ज्या मुलीवर आपले मन जडले तिने केलेला खून त्यांना निष्कारण राहू द्यावयाचा नाही. छळ सापडला की माया करण्यास परवानगी मिळते. ती जिवंतच नाही असे ठरले की मग प्रश्नच मिटला. लेखिकेने मात्र यांतील कोणतीही सोय करून ठेवलेली नाही. एका जेवणाची शिक्षा आणि चार प्रेते, एवढेच ती आपल्यापुढे ठेवते, आणि मध्ये जी दरी राहते ती बुजविण्याचे काम आपल्यावर सोडून निघून जाते.

अशा दरीपाशी वाचक कसा वागतो, हे शर्ली जॅक्सनइतके जवळून पाहिलेली लेखिका विरळा. 26 जून 1948 च्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात तिची 'द लॉटरी' ही कथा आली. एका साध्यासुध्या गावात दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघते तिला सारा गाव मिळून दगडांनी ठेचून मारतो, एवढीच ती कथा. हे का करतात, ते कथेत सांगितलेले नाही. त्या उन्हाळ्यात लेखिकेकडे तीनशेहून अधिक पत्रे आली. त्यांपैकी तेराच काय ती चांगल्या भाषेत होती, आणि तीही बहुतेक मित्रमंडळींची. पुढे या पत्रांवर तिने एक व्याख्यान रचले. ते तिच्या मृत्यूनंतर 1968 साली छापले गेले. त्यात ती सांगते की, पत्रांतून तीन सूर उमटत होते: गोंधळ, तर्ककुतर्क आणि सरळसरळ शिव्या. तिच्या आईनेदेखील, ही कथा आम्हां उभयतांस मुळीच रुचली नाही, असे कळविले. आणि सर्वांत भयंकर पत्रे शिव्यांची नव्हतीच. अशा सोडती कोणत्या गावी होतात, आणि तेथे जाऊन त्या पाहता येतील काय, अशी साळसूद चौकशी करणारी ती पत्रे होती.

वाचकाच्या अभिप्रायात वाचक कसा उघडा पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. कथा गावकऱ्यांविषयी होती. उत्तर गावकऱ्यांनीच पाठविले. पुढे चौदा वर्षांनी लिहिलेल्या या कादंबरीत तोच गाव, तेच दगड पुन्हा येतात, हा केवळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. ब्लॅकवुडांच्या वाड्याला आग लागते तेव्हा गावचे बंबवाले येतात आणि इमानेइतबारे ती विझवितात. त्यानंतर त्यांचा नायक जिम डॉनेल आपल्या हुद्द्याची टोपी डोक्यावरून काढतो, खाली वाकून एक दगड उचलतो आणि दिवाणखान्याच्या खिडकीवर भिरकावतो. त्यासरशी सारा जमाव आत घुसतो आणि आगीतून जे वाचले त्याचा चक्काचूर करतो. टोपी आहे तोवर कर्तव्य. टोपी उतरली की मनातले काम. ज्या माणसाने घर वाचविले त्यानेच ते फोडावे, आणि या दोन्ही गोष्टींत त्याला स्वतःला काही विसंगती दिसू नये, हे चित्र आमच्या मते त्या साखरेच्या भांड्याहूनही अधिक भीषण आहे.

वाचकांचा दुसरा वर्ग न्याय मागणाऱ्यांचा. कायद्याच्या अभ्यासाकडे वळण्याच्या तयारीत असलेला आमचा एक विद्यार्थी या पुस्तकावर मनापासून संतापला होता. खुनी सापडत नाही, पश्चात्ताप होत नाही, शिक्षा होत नाही, आणि शेवटी ती 'आम्ही किती सुखी आहोत' असे म्हणते. मग या लिखाणाला वाङ्मय का म्हणावे, असा त्याचा सवाल होता. त्याच्या संतापात आम्हांस काही वावगे दिसले नाही. पण त्याच्याच बाकाच्या पलीकडे बसलेली एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "सर, त्यांना शेवटी घर मिळालं. आता कोणी येऊन त्यांना ऊठ म्हणणार नाही." एवढे बोलून ती खाली बसली. खुनाविषयी ती अवाक्षर बोलली नाही. वर्ग थोडा हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण या मुलीने कादंबरीतील चार्ल्सला पुरते ओळखले होते. वडील माणूस गेल्यावर 'पोरींकडे पाहावयास कोणी नको का' असे म्हणत येणारा, बापाच्या खुर्चीवर बसणारा, बापाचे घड्याळ वापरणारा आणि तिजोरीची चौकशी करणारा चुलतभाऊ समजण्यासाठी अमेरिकेचा भूगोल अवगत असावा लागत नाही. आपल्याकडील कितीतरी घरांतून तो जेवून गेलेला आहे. तरुण मुली या पुस्तकाला जवळ का करतात, त्याचे दुसरे कारण ते हेच असावे. आपल्या नावाचे, कोणी उठवू शकणार नाही असे एक घर हवे, ही इच्छा या कथेत इतक्या टोकाला नेलेली आहे की, तिची किंमत चार जीवांनी चुकविली हे त्यांच्या लक्षातच येत नाही. किंवा लक्षात येऊनही त्या ते बोलत नाहीत.

तिसरा अभिप्राय आमच्या घरातलाच. आमच्या एका वडीलधाऱ्या आप्त बाईंना इंग्रजी बेताचेच येत असे, म्हणून आम्ही त्यांना ही कथा रोज थोडी थोडी मराठीत सांगितली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "त्या घरात रांधतं कोण?" कॉन्स्टन्स, असे सांगताच त्यांचे सारे लक्ष तिच्यावर खिळले. तळघरात ब्लॅकवुड घराण्यातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी घालून ठेवलेल्या मुरंब्यांच्या आणि लोणच्यांच्या बरण्या फळीवर ओळीने उभ्या आहेत, आणि त्यांतील फार जुन्या बरण्यांतले खाल्ले तर जीव जाईल, असे कॉन्स्टन्स म्हणते. हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग मोडून टाकत नाही ती?" नाही टाकत. त्याच फळीवर ती आपल्या बरण्या ठेवते. पुढे खुनाच्या रात्रीची हकीगत आली. पोलीस येण्यापूर्वी कॉन्स्टन्सने ते साखरेचे भांडे घासून ठेवले होते, आणि त्यात कोळी होता असे कारण सांगितले होते. त्यावर त्या बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे हिला तेव्हाच ठाऊक होतं. आणि हिनं सहा वर्षं त्या पोरीला एका शब्दानं विचारलं नाही. मला धाकटीचं भय नाही वाटत रे, हिचं वाटतं."

आमच्या वाचनात या कादंबरीवरील बरीच टीका आली आहे. परंतु इतक्या थोड्या शब्दांत तिच्या गाभ्यास हात घालणारी दुसरी टीका आम्हांस आठवत नाही. सहा वर्षांत त्या दोघी बहिणी या विषयावर एकदाच बोलतात. घर फुटल्यानंतर रानातील लपण्याच्या जागी मेरिकॅट म्हणते की, साऱ्या गावाच्या अन्नात विष कालवीन. पूर्वी केलेस तसे काय, असे थोरली विचारते, आणि धाकटी होय म्हणते. बस्स, एवढेच. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. काही काळाने थोरली बहीण धाकटीची क्षमा मागते. का, तर आपण तिला त्या गोष्टीची आठवण करून दिली म्हणून. जिने आईबाप मारले तिच्या मनाला लागू नये म्हणून जिचे आईबाप मेले ती हळहळते! दोघींचे आईबाप एकच होते, हे वाचताना विसरावयास होते, आणि आठवताच अंगावर काटा उभा राहतो.

भरतमुनींनी आठ रस सांगितले. त्यांत भयानकाला स्थान आहे, वत्सलाला नाही. वत्सल हा रस पुढील काळात त्यांस जोडला गेला. या दोन रसांची एकमेकांशी अशी घट्ट मिठी पडू शकेल, अशी कल्पना आम्ही तरी शास्त्रग्रंथ वाचताना केली नव्हती. भुताखेतांच्या गोष्टीत भय बाहेरून येते आणि माया आत असते. माणसे दार लावून एकमेकांस बिलगतात. येथे दार लावल्यावर भय आतच राहते, आणि तेच कुशीत घेऊन थोपटले जाते. मायेच्या पोटी माणूस काय काय झाकू शकतो, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे. आणि ज्याच्या घरात काहीच झाकलेले नाही असा वाचक अद्याप आमच्या वर्गात आलेला नाही.

असले पुस्तक तरुणांच्या हाती द्यावे काय, असा प्रश्न एका पालकाने आम्हांस केला होता. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही तसेच दिले पाहिजे. पापाला शेवटच्या पानावर दंड झाला की पुस्तक निरुपद्रवी होते, असे आम्ही मानीत नाही. तशा पुस्तकात वाचक न्यायाधीशाच्या आसनावर बसतो आणि सुखाने झोपी जातो. येथे त्याला ते आसन मिळत नाही. त्याने मेरिकॅटवर माया केलेली असते. तिच्या बाजूने त्याने गावाचा द्वेष केलेला असतो. आणि पुस्तक मिटल्यावर, आपण कोणाच्या बाजूने होतो, हे त्याला आपल्याशीच कबूल करावे लागते. अठराव्या वर्षी हा हिशेब एकदा स्वतःशी मांडून पाहणे आम्ही अपायकारक समजत नाही. मात्र तो एकट्याने मांडू नये. घरातील वडील माणसांनी हे पुस्तक मुलांच्या हातून काढून घेण्याऐवजी त्यांच्याबरोबर वाचावे, एवढीच आमची सूचना आहे.

आता शेवटाविषयी. जळक्या वाड्याच्या स्वयंपाकघरात त्या दोघी राहू लागतात. वरचा मजला उरलेला नाही. कपडे जळाले म्हणून मेरिकॅट मेजावरचे कपडे गुंडाळून वावरते. रात्री गावातील लोक येतात आणि दाराशी अन्नाच्या टोपल्या ठेवून जातात. टोपलीत चिठ्ठी असते: आमच्या हातून अमुक फुटले, त्याबद्दल. हा पश्चात्ताप आहे, असे आमचे काही विद्यार्थी म्हणतात, आणि येथे त्यांना पुस्तकात प्रथमच माणुसकी भेटते. आमच्या त्या आप्त बाईंना मात्र शंका आली नाही. "नैवेद्य आहे तो," त्या म्हणाल्या, "वेशीवरच्या देवीला ठेवतात तसा. कोपू नये म्हणून." गावातील मोठी माणसे आपल्या मुलांना त्या पायऱ्यांपासून दूर राहण्यास बजावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे बाईंच्या म्हणण्यात तथ्य दिसू लागते. परंतु आम्हांस पहिला पक्षही टाकवत नाही. माणूस लाजेने जे करतो आणि भीतीने जे करतो, त्यांत रेघ ओढणे टोपली ठेवणाऱ्यास तरी कोठे जमते?

लेखिका ही व्हर्मॉन्ट प्रांतातील नॉर्थ बेनिंग्टन या लहान गावात राहत असे, आणि त्या गावाशी तिचे सूत फारसे जुळले नाही. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर कित्येक महिने तिला घराबाहेर पाऊल टाकणेही अशक्य झाले होते. त्यातून ती सावरली, पुन्हा लिहू लागली, आणि 8 ऑगस्ट 1965 रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, झोपेतच वारली. यावरून ही कादंबरी म्हणजे तिचे आत्मचरित्रच, असे म्हणणारेही वाचक आहेत. आम्ही त्या वाटेने जात नाही. दोन बहिणींना घरात कोंडून लेखिकेने काय मिळविले, हे तिचे तिला ठाऊक. आम्हां वाचकांना तिने दाराबाहेर, पायऱ्यांवर उभे केले आहे, एवढे मात्र निश्चित. ज्याच्या त्याच्या हाती एक टोपली आहे. तीत कोणी कारण घालून आणले आहे, कोणी न्याय, कोणी माया. दार उघडत नाही. पण आत कोणीतरी आहे, आणि ते आपल्याकडे पाहत आहे, हे मात्र प्रत्येकाला जाणवत असते.